लेकीची ताकीद

कोपऱ्यावरच्या दुकानात सकाळचा गरम नाश्ता, हे आजींचं वीस वर्षांचं सुख. पण पथ्य लागल्यापासून लेकीने मालकाला दम भरला होता, "आईला लोणी द्यायचं नाही, साखर तर मुळीच नाही." आजी रोज करवादायच्या, "मेल्या, तिला फितूर झालास!"

आज लेक डॉक्टरांकडे आजींचे रिपोर्ट आणायला गेली होती. मालकाने न मागताच लोण्यात भिजलेला पाव आणि गोडमिट्ट कॉफी पुढ्यात ठेवली.

"अगंबाई! लेकीला कळलं तर तुझी खैर नाही हो," आजी बोटं चाटत म्हणाल्या.

मालक तेच टेबल पुन्हा पुन्हा पुसत राहिला.



"ताईंचाच फोन आला होता, आजी. म्हणाल्या, आजपासून आईला हवं ते खाऊ दे."