तिच्या बाजूचं दार

कासम वारल्यापासून त्याची जुनी गाडी लई पेट्रोल पिऊ लागली होती. शेवटी त्याच्या बायकोनं, अकबरीनं, ती सिरसाळ्याला पुतण्या रईसच्या गॅरेजात लावली.

"चारी इंजेक्टर नवे टाकले, चाची. आता बगा कसं अ‍ॅवरेज देती," रईस म्हणाला. "तुमच्या बाजूच्या दाराचं मोडकं हँडलबी बदलू का?"

"न्हाई. ते ऱ्हाऊ दे तसंच."

ते दार बाहेरून उघडतच नसे. कासम तिला न्यायला आला की स्टिअरिंगवर बोटानं दोनदा वाजवायचा. ती काचेवर एकदा टकटकवायची, मग तो वाकून आतून दार उघडायचा. चारचौघांत त्यांचं लाडाचं बोलणं तेवढंच.

रईसनं इंजिन चालू केलं. लांब पेचकसाचं टोक इंजेक्टरवर टेकवून मूठ कानाला लावली. आत एकसारखी टिकटिक चालली होती. खूश होऊन त्यानं पेचकस चाचीच्या हातात दिला. "तुमीबी ऐका."

अकबरी डोळे मिटून ऐकत राहिली. हळूहळू टिकटिक विरली आणि वेगळाच आवाज येऊ लागला. दोनदा. जरा थांबून पुन्हा दोनदा.

"बंद कर रे आता," ती म्हणाली.

"कवाच बंद केली की, चाची." किल्ली त्याच्या हातात होती.

मुठीतून पुन्हा दोनदा वाजलं, या खेपेला जरा घाईनं. कासमला वाट बघणं कधी जमलंच नव्हतं.

अकबरीनं पेचकस खाली ठेवला, पदर सारखा केला आणि आपल्या बाजूच्या काचेवर एकदा टकटकवलं.

दार आतून उघडलं.