जड जातीचा बर्फ

कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण एकाच परीक्षानळीत वर पाणी खळाखळा उकळत होतं आणि तळाशी बर्फाचा खडा आरामात बसला होता. विज्ञानाच्या सरांनी नळीची वरची बाजू स्पिरिटच्या दिव्यावर तिरकी धरली होती, आणि नळी पकडली होती तळाकडून, उघड्या बोटांनी. पोरं त्यांना पाठीमागे ‘थापाडे सर’ म्हणत. तोंडावर मात्र ते सांगतील त्याला माना डोलावत.

प्रयोगशाळेच्या दारात मोठ्या बाई कुलूप घेऊन उभ्या होत्या.

“आटपा सर. मोडकी बाकं इथे रचायचीत. तुम्ही थापा ठोकायच्या आणि यांनी नंदीबैलासारख्या माना हलवायच्या, त्याला प्रयोगशाळा कशाला हवी?”

“लावा की कुलूप,” सर म्हणाले. “पण मला आत ठेवून लावा. बाकं माझ्या डोक्यावर रचा.”

मग ते पोरांकडे वळले. “हे पाणी आमच्या मामाच्या विहिरीतलं. त्या विहिरीत वर पाणी कढत असायचं आणि खाली मासे कुडकुडायचे.”

माना डोलल्या.

“मामी त्याच विहिरीत वर अंडी उकडायची आणि तळाशी दूध गार ठेवायची.”

पुन्हा डोलल्या. सरांच्या कपाळावर घाम आला. बोटं मात्र गारठली होती. कुणीतरी हटकेल या आशेने ते थाप फुगवत होते आणि पोरं ती मुकाट गिळत होती.

मोठ्या बाईंना राहवेना. त्या जवळ आल्या, चष्मा सावरून वाकल्या. “अगंबाई! वर एवढी वाफ, आणि हा वितळत कसा नाही?”

“जड जातीचा बर्फ आहे, बाई. एकदा बुडी मारली की आचेला सापडत नाही.”

“असं होय,” म्हणत बाईंनीही मान डोलावली.

तेवढ्यात, हजेरीलासुद्धा जिचा आवाज ऐकू येत नसे, ती शेवटच्या बाकावरची मुलगी उठली ती थेट बाकावरच उभी राहिली.

“खोटं! साफ खोटं! बर्फ तरंगतो, बुडत नसतो. बोटं काढा सर, खाली त्याला लोखंडी नट बांधलाय तुम्ही! आणि वरून तापवलेलं पाणी वरच राहतं, त्याला मामाची विहीर कशाला हवी? आणि मोठ्या बाई, तुम्हीपण मान डोलावलीत!”