सातवी विनंती

मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात सहा मुलं डोळे मिटून एकेक प्रार्थनेची विनंती सांगत होती आणि प्रिसिला मान खाली घालून वहीत उतरवत होती. कॉलेजच्या ख्रिस्ती मंडळात इंटर्न म्हणून तिचा पहिलाच दिवस. अक्षर वेडंवाकडं येत होतं.

"आता वाचून दाखव," मंडळ चालवणाऱ्या थोरातताई म्हणाल्या.

वडिलांची बायपास, एटीकेटीचे दोन विषय, हॉस्टेलची जागा... प्रत्येक विनंतीला "आमेन" येत होतं. "आणि सातवी. आईने रोज डबा घेऊन गेटवर येऊ नये, मला आता भूक लागत नाही."

या वेळी कुणीच आमेन म्हटलं नाही. ताई पांढऱ्याफटक पडल्या. "हे कोण बोललं?"

"मागच्या बाकावरून कुणीतरी..."

"तिथे आशेर बसायचा गं. गेल्या जूनमध्ये अपघातात गेला."

सकाळी गेटवर पितळी डबा धरून उभी असलेली बाई प्रिसिलाला आठवली. ती धावतच खाली गेली. बाई अजून तिथेच होती. प्रिसिलाने तोंड उघडण्याआधीच तिने डबा पुढे केला.

"घरीही हेच म्हणतो बघ. तूच दे. तुझ्याशी बोलला ना, तुझं ऐकेल."