विळ्याचा व्रण

चौऱ्याऐंशी साली इन्कम टॅक्सची नोटीस आली, तसा सौंसरचा संत्राव्यापारी मजुरीचं रजिस्टर घेऊन पांढुर्ण्याच्या वकिलाकडे धावला. वकिलानं पानांवर भिंग धरलं. “मजूर वीस, पण अंगठा एकच. प्रत्येक ठशात तोच आडवा व्रण आहे.” व्यापारी वरमला. “मायचा अंगठा हाय, साहेब. विळा लागला होता तिले. खोट्या नावांपुढे लावून घेत होतो. ती नाही म्हणे, मग मीच हात धरून दाबत होतो. दिवाळीत वारली. तेव्हापासून रकाने कोरेच सोडून राहिलो.” वकिलानं रजिस्टर त्याच्याकडे फिरवलं. पौष, माघ, फाल्गुन. सगळे रकाने भरलेले, सगळीकडे तोच व्रण. वकिलानं वकीलपत्र पुढे सरकवलं. “सही करा, बाकी मी पाहतो.” उचललेला पेन व्यापाऱ्याच्या हातातून गळून पडला. मागून कुणीतरी त्याचं मनगट धरलं, अंगठा स्टॅम्पपॅडवर, मग कागदावर दाबला. त्याच्या ठशात तोच आडवा व्रण होता.