सरळ रेघ

हरणांचा हंगाम आला की माझा नवरा गॅरेजमध्ये काडतुसं भरायला बसतो. दारू कणभर जास्त पडली तर बंदूक तोंडावर फुटायची, म्हणून त्या टेबलाला हात लावायची मला बंदी. आज दारू घालताना तराजूचा काटा थरथरला. “नोरीन, भूकंप!” तो ओरडला. आमच्या काइकोरा गावात जमीन सतत हलते; हे ‘चहा झाला’ म्हटल्यासारखंच. पण कपाटातले कप गप्प होते. त्यानं चमचा ठेवला, काटा थांबला; उचलला, पुन्हा थरथरला. त्यानंच बनवलेल्या भूकंपमापकावर रेघ सरळ चालली होती. “बिघडलं असेल तुझं खेळणं, मर्विन.” “ते खोटं बोलत नाही. तू बोलतेस.” स्वतःच्या हाताकडे पाहत त्यानं जागा सोडली, चमचा मला दिला. “तू घाल. मी काटा बघतो.” माझाही हात थरथरला. “हा मात्र भूकंपच,” मी म्हणाले. मापकाकडे न बघताच तो म्हणाला, “मोठा होता.”