जामिनाची वरात

चौफुल्यावर एसटी थांबली ती थांबलीच. समोर जेसीबीनं आपलं तोंड आभाळाकडं उचललं होतं आणि त्यातून झेंडूची फुलं खाली सांडत होती. डीजेच्या दणक्यानं खिडकीच्या काचा थरथरत होत्या. मारुतरावांनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. पिशवीत दोन शहाळी होती.

शेजारच्या म्हातारीनं मान बाहेर काढली. "कुणाची वरात म्हनायची ही? नवरी कुठं दिसंना ती."

कंडक्टर हसला. "वरात न्हाई आजी, जामीन हाय. भांडगावचा रविराज. कालिजातला कबड्डीवाला. शिरूरला म्याच हरली, तवा समोरच्या टीममधल्या पोराचं डोकं फोडलं त्यानं. सुटून आलाय आज."

"मग हार कशापायी घालत्यात?"

"डोकं फोडलं म्हणूनच की."

बसमधले चारजण हसले. मारुतराव हसले नाहीत. दोन वर्षं झाली, तालुक्यात कुठंही गेलं तरी 'रविराजचे वडील' म्हणून लोक त्यांना खुर्ची द्यायचे, चहा पाजायचे. आज या बसमध्ये त्यांना कुणी ओळखत नव्हतं आणि तेच बरं वाटत होतं.

उघड्या जीपवर रविराज उभा होता. हार कानापर्यंत आलेले. दोन्ही खांद्यांवर पोरं लोंबकळत होती, हातातले मोबाईल त्याच्या गालाला लागत होते. मागं भलामोठा फ्लेक्स : 'भांडगावचा वाघ परत आला. भाऊंच्या प्रयत्नांना यश.' वाघाच्या शेजारी पुढारी भाऊंचा फोटो, वाघापेक्षा मोठा.

कुणीतरी त्याच्या तोंडापुढं माईक धरला. डीजे थांबला.

"मी न्हाई मारलं त्याला," रविराज म्हणाला.

 एकदम शिट्ट्या उठल्या.

"वकिलानं झकास पढवलाय गड्याला," गर्दीतून आवाज आला आणि हसू या टोकाकडून त्या टोकाला पसरत गेलं. रविराजनं पुन्हा तोंड उघडलं, पण डीजे सुरू झाला होता. मग तो नुसता उभा राहिला. एवढ्या माणसांवरून त्याची नजर कुणाला तरी धुंडत फिरत होती. फिरत फिरत ती एसटीच्या खिडक्यांकडं आली, तसे मारुतराव पुढच्या सीटआड वाकले.

आता खोटं बोलायलाही शिकला, त्यांना वाटलं.

गाडी निघाली. गलका मागं पडला. पारगावच्या पुलावर भीमेचं पाणी संथ होतं, काठच्या उसाला तुरे आले होते. सकाळी निघताना बायकोनं, पुतळाबाईनं, दारातच अडवलं होतं. "लेक घरला येतोय आन् तुमी निघालात कुठं?" त्यांनी पायांत वहाणा सरकवल्या होत्या. पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी रविराजनं नुसतं "आप्पा" म्हटलं होतं. त्याच्या हातांवर सुकलेलं रक्त दिसलं आणि मारुतराव तिथूनच मागं फिरले होते. दुसऱ्याच्या लेकराचं रक्त. गाव ज्याला पराक्रम म्हणत होतं, ते त्यांच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. जिभेवर एकच वाक्य घोळत होतं : बाई, माझ्या लेकाची चूक पदरात घ्या. न्हावऱ्यापर्यंत ते वाक्य पाठ झालं. शिरूरच्या स्टँडवर उतरले तेव्हा त्यातला एकही शब्द आठवेना.

दवाखान्याच्या बाकावर सोजरबाई बसल्या होत्या. डोकं फुटलेल्या सतीशची आई. शिक्रापूरला कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायच्या. लेक पडल्यापासून कामावर गेल्या नव्हत्या. मारुतरावांनी टोपी काढली.

"मी रविराजचा बाप," म्हणाले आणि वाकले.

सोजरबाईंनी पाय चटकन बाकाखाली ओढून घेतले. "आवं आबा, माझं पाय कशाला धरताय?"

"पोरानं केलं ते बापानं फेडायचं, बाई."

सोजरबाईंनी इकडंतिकडं पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "म्हंजी तुमास्नी ठावंच न्हाई व्हय? तोंडाला रुमाल बांधून दोघं आली, डोक्यात सळई घातली आन् पळाली. समदं मैदान पळालं. तुमचा पोरगा तेवढा थांबला. माझ्या सतीशचं डोकं मांडीवर घिऊन बसला, सोताचा शर्ट फाडून बांधला. हात रक्तानं भरल्यालं बघून पोलिसांनी त्यालाच उचलला. पळाला असता तर घावलाच नसता."

मारुतराव बाकावर टेकले. शहाळ्यांची पिशवी हातातून निसटून फरशीवर बसली.

"परवा सतीशला नीट बोलाया याय लागलं. पयला जबाब ह्योच दिला त्यानं, म्हणून तर जामीन झाला. त्यो बिचारा सांगत असंल की समद्यास्नी. कुणी ऐकलं न्हाई का?"

आतून एक बारीक हाक आली. सोजरबाई उठल्या, दाराशी जाऊन थबकल्या.

"चला आत. तुमीच सांगा त्याला. शुद्धीवर आल्यापास्नं एकच इचारतोय. म्हणतो, इतकं दिस रविराजला आत भेटाया कोण येत व्हतं?"

पोलीस ठाण्यातून मागं फिरल्यापासून एकवीस दिवसांत मारुतराव एकदाही गेले नव्हते.