ओल

भिंतीवरच्या मध्यस्थ-यंत्राने शलाकाला चार महिन्यांपूर्वीच बजावलं होतं, "वरच्या कुलाबकरकाकूंशी तुमचा वाद कोर्टात जाण्याची लक्षणं दिसतायत. आजच समोरासमोर बसून बोला." तिने ते हसण्यावारी नेलं. छताला नुसती ओल तर आली होती!

आता त्या ओलीने बाळाची छाती घरघरत होती आणि दावा तयार होता. पण प्रतिवादीच्या घरी जाऊन एकदा चहा घेतल्याशिवाय यंत्र कुणाचाच दावा पुढे पाठवत नसे. म्हणून शलाका बाळाला कडेवर घेऊन वर गेली, ती भांडायच्या तयारीनेच.

"काकू, बाथरूमचा नळ बंद ठेवा म्हणून फोनवर सांगून सांगून थकले मी!"

"अगं, कधीचा बंद केलाय. उगाच कांगावा करू नकोस."

त्यांच्या पाठीमागे नळ धो धो वाहत होता. काकूंनी कपबशी आणली. कपात नुसतंच गरम पाणी होतं.

"बाळ गोड आहे हो तुझं. कुठे राहतेस तू?"

शलाकाने नळ बंद केला, दावा रद्द केला आणि काकूंच्या लेकीला फोन लावला. चार महिन्यांपूर्वी शलाका वर आली असती, तर काकूंनी तिला नावाने हाक मारली असती.

हे वाचणाऱ्याला तिचं एवढंच सांगणं आहे: तुमच्या शेजारी कुणी एकटं राहत असेल, तर आज एकदा जाऊन बघून या.